साळूबाईचे दगड

कुत्रं विषानं मेलं की त्याचा मालक कुत्र्याकडे कमी आणि शेजाऱ्याकडे जास्त बघतो. नोकरीच्या पहिल्या वर्षातच हे माझ्या ध्यानात आलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यात काडीचा फरक पडला नाही. जालना जिल्हा नवा नवा वेगळा झाला होता तेव्हा मी पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून तिथं रुजू झालो. सरकारी दवाखाना बैलांचा, म्हशींचा, फार तर शेळ्यांचा. कुत्र्याला कोण विचारतो? लोक कुत्रं आणायचे तेही लाजत लाजत, बैलाच्या औषधाला आलोय असं दाखवून. "सहज आणलं साहेब, पोरं रडत होती," असं म्हणायचे. पोरं घरी असायची आणि डोळे यांचेच लाल असायचे.

आलेलं कुत्रं लाळ गाळत असलं, थरथरत असलं, की पहिला प्रश्न ठरलेला, "कोणी घातलं असंल हो?" काय खाल्लं असेल, असं मला क्वचितच कुणी विचारलं. विष म्हटलं की घालणारा हात हवाच, अशी आपली समजूत. घराभोवती आपण हौसेनं लावलेली झाडं तेच काम बिनबोभाट करत असतात, हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडायचा. शत्रू हातचा गेल्यासारखं वाटत असावं.

जालन्यातल्या एका शेठजींचं उदाहरण देतो. राजस्थानातून येऊन पिढ्या झालेलं जैन घर, बियाण्याचा व्यापार. बंगल्याच्या मधोमध भिंत घालून दोन भाऊ वेगळे झालेले. शेठजींचं पांढरं पॉमेरियन, नाव मोती, रक्ताच्या हगवणीनं आडवं झालं. मी जाताच शेठजी भिंतीकडे बोट करून म्हणाले, "डाक्टरसाब, मला बिलकुल शक नाही. भाईसाबच्या तिकडून काहीतरी आलंय." मी बागेत फिरलो. गुलाबाची आळी नुकतीच भरली होती आणि एका आळ्यात नखांनी उकरलेलं होतं. जैन घर म्हणून हाडांचा चुरा वर्ज्य, तेव्हा माळ्यानं खत म्हणून एरंडीची पेंड घातली होती. पेंडीला वास खमंग येतो आणि कुत्र्याला ती गोड लागते. एरंडाच्या बीचं सगळं विष तेल काढल्यावर त्या पेंडीत उरतं. मोती वाचला नाही. शेठजींनी पेंड उकरून टाकली, माळ्याला रागावले, मला चहा पाजला. भावाच्या घरी मात्र गेले नाहीत. भिंत आजही आहे म्हणतात.

पुढं बंगले वाढले तशी झाडंही वाढली. दारात सायकस आला. त्याच्या बिया चघळून पिल्लांची यकृतं निकामी झालेली मी पाहिली. दिवाणखान्यात डिफेनबेकिया आला, त्याचं पान चावलं की जीभ सुजून तोंड मिटत नाही. धोतरा तर आपला जुनाच. पण या सगळ्यांपेक्षा मला भीती वाटते ती कण्हेरीची. आपल्याकडे कण्हेर नाही असं अंगण दाखवा! पाणी मागत नाही, बारमाही फुलते, शेळी तोंड लावत नाही आणि देवाला चालते. तिचा चीक थेट काळजाला धरतो. चालता चालता ठोका चुकतो, मग दोन चुकतात, मग काळीज थांबतं. एक मात्र तिच्या बाजूनं बोललं पाहिजे. ती इतकी कडू असते की शहाणं जनावर आपणहून तिला खात नाही. म्हणून कण्हेरीनं मेलेलं कुत्रं सहसा दिसत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मी ते धरून चाललो होतो.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला बसलो, त्याकडे येतो. अंबड तालुक्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून आहेत आणि माणसं वाईट नव्हती. माझी त्या गावची फेरी दर मंगळवारी असायची. चावडीपुढं लोक जनावरं घेऊन थांबायचे, मी लसी टोचायचो, खुरं बघायचो आणि आबा पाटलांच्या घरी चहा घेऊन परतायचो. आबा भला माणूस. दुष्काळात स्वतःची विहीर गावाला मोकळी करणारा. त्याच वर्षी आषाढात त्यांनी वडिलांच्या नावानं महादेवाच्या देवळाचं काम काढलं होतं. फरशी केली, रंग दिला.

श्रावणातल्या एका मंगळवारी गेलो तर चावडीमागं एक कुत्रं मरून पडलं होतं. पुढच्या फेरीला आणखी दोन, आणि त्यातलं एक आबांचा राजा. राखणीचं उंच, करडं कुत्रं. मी पोचलो तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली तर नाडी मंद, मध्येच गायब. ठोके वाढवायला ॲट्रोपिन टोचलं. बोटांखाली नाडी दोनदा जोरात उडाली आणि थांबली.

"फवारनीचं आवशीद घातलं बगा कुनीतरी," आबा म्हणाले. कपाशीचा मुलूख, घराघरात कीटकनाशकाचे डबे. पण त्या विषानं अंग झटके देतं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. इथं तसं काही नव्हतं.

"हे फवारणीचं नाही, आबा."

"मंग काय हाय?"

"उघडून बघावं लागेल."

लोक जमले होते. मी तिथंच राजाचं पोट उघडलं. आत फुटलेलं दूध होतं. बाकी काही नाही, ना मटण, ना भाकरी. "दूध प्यालंय," मी म्हणालो. खरं तेच म्हणालो होतो. पण मान वर केली तेव्हा सगळे एकाच दिशेला बघत होते, देवळाला लागून असलेल्या साळूबाईच्या घराकडं.

साळूबाई विधवा, चाळिशीची, मूलबाळ नाही. शेळ्या पाळायची आणि गावातल्या तान्ह्या लेकरांना दूध विकायची. उन्हाळ्यात कुत्र्यांनी तिची दोन करडं फाडली होती आणि तेव्हा तिनं भर चौकात तळतळाट दिला होता, "मरा मेल्यांनो, एक एक करून मरा!" गावाला हे शब्द पाठ होते. शिवाय देवळाचा नारायण गुरव सांगत होता, "रोज दगुड घिऊन मागं बसलेली असती ती. कुत्रं दिसलं की हानलाच." आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिच्या उंबऱ्याशी बसणारं शेपूट तुटलेलं एक कुत्रं, बांड्या, ठणठणीत होतं. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "डाक्टर, गावातली कुत्री मरून राह्यली आन् हिच्या दारातलं बराबर जित्तं हाय. आता आनखी काय पुरावा पायजे?"

मी पोटातले नमुने तपासणीला पाठवले. नेहमीच्या विषांपैकी काही सापडलं नाही, असं उत्तर आलं. मी ते चावडीवर सांगितलं. मला वाटलं, बाई सुटेल. पण काही सापडलं नाही म्हणजे घालणारी चांगलीच हुशार आहे, असा त्याचा अर्थ निघाला. विज्ञानाचं गावात असंच होतं. ते आलं की आधी त्याला गावाचे कपडे घालतात.

त्याच दिवशी साळूबाई माझ्या मोटरसायकलपाशी येऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावलेला. "डाक्टर सायेब, म्या दगुड मारले, न्हाई म्हनत न्हाई. पन इख न्हाई घातलं. तुमी शिकलेले हात, तुमी सांगा ना त्याईला."

"सांगितलं, मावशी. तुमचं नाव कुठंच येत नाही म्हणून सांगितलं."

"मंग दूध कामून घिना झाले? लेकरं रडून राह्यली, पन मायच्या मायच लोटा आनीनात."

गावानं ठरवलं होतं. दवंडी नाही, पंचायत नाही, कुणी आवाज चढवला नाही. तिच्याकडचं दूध बंद झालं. बांधावर शेळ्या आल्या की मालक नुसता उभा राहायचा. गिरणीत तिचं दळण शेवटी लागायचं आणि हापशावर ती आली की बायका भरलेली घागर उचलून चालू लागायच्या. तोंडानं कुणी काही म्हणत नव्हतं, त्यामुळे तिलाही कुणाला उत्तर देता येत नव्हतं. बदनापूरकडं तिचा भाऊ होता. तो एका शनिवारी टेंपो घेऊन आला. शेळ्या चढवल्या, भांडी चढवली. बांड्याला भावानं नको म्हटलं. गावचं कुत्रं आहे, गावात राहू दे. टेंपोमागं तो डांबरी सडकेपर्यंत पळत गेला आणि परत येऊन कुलूप लावलेल्या दारापुढं बसला, असं मला मागाहून कळलं.

पुढच्या मंगळवारी मी गावात शिरलो तो वेशीतच एक कुत्रं आडवं. चौकात दुसरं. देवळाच्या आवारात तर एकाजवळ एक पडलेली. पोरं तोंडात बोटं घालून बघत होती. साळूबाई असताना मरायचं एखाददुसरं, ती गेल्यावर एका दिवसात गावची निम्मी कुत्री साफ झाली होती. चावडीवर आबा खाली मान घालून बसले होते. मला म्हणाले, "जाताना करून गेली असंल काही." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

बांड्या अजून जिवंत होता. साळूबाईच्या उंबऱ्यावर डोकं टेकून पडलेला, चार दिवसांत बरगड्या निघालेल्या. त्याच्यापुढं भाकरीचा तुकडाही नव्हता. छातीला नळी लावली. ठोका, मग काही नाही, मग लागोपाठ दोन. तीच चाल. त्याच्या मिशांना वाळलेलं दूध होतं आणि हनुवटीला काहीतरी पिवळं चिकटलेलं होतं. सोडवून काढलं तर पिवळ्या कण्हेरीची पाकळी.

कडू पाकळी कुत्रं खाईल कशाला? मी उठून बघितलं. उंबऱ्यापासून ओल्या पावलांचे ठसे घराला वळसा घालून देवळाच्या मागच्या अंगाला गेले होते. मी त्यावरून चालू लागलो.

"सायेब, तिकडून न्हाई!" नारायण गुरव ओरडला. "धार वलांडू नये!"

वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल, महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नाही, तिथपर्यंत जायचं आणि मागं फिरायचं. त्यामुळं पन्हळीपलीकडच्या कोपऱ्यात कुणाचं पाऊल पडत नाही, कुणाची नजर जात नाही. मी ती ओलांडली.

कण्हेरीच्या झाडोऱ्याआड सिमेंटचा नवा कोरा बुटका हौद होता. पूर्वी हे पाणी पन्हळीतून सरळ ओढ्याला जायचं. देवाचं तीर्थ मातीत जातं, कुणाच्या पायाखाली येतं, म्हणून आबांनी वडिलांच्या नावानं ते साठवायला हौद बांधला होता. आषाढात बांधला आणि श्रावण लागला. श्रावणी सोमवारी सगळं गाव पिंडीवर दूध ओततं. पंचामृत, मध, साखर. वर ओंजळी ओंजळीनं कण्हेरीची फुलं आणि धोतऱ्याची बोंडं, कारण महादेवाला तीच आवडतात आणि आमच्या कोरड्या मुलखात तीच फुलतात. संध्याकाळी गुरव पिंड धुवायचा की दूध, मध, फुलं सगळं वाहत येऊन हौदात पडायचं आणि रात्रभर मुरायचं. कडूपणा साखरेनं झाकला जायचा. वर पिवळ्या पाकळ्यांची साय धरली होती. चारी बाजूंच्या चिखलात कुत्र्यांच्या पंजांशिवाय दुसरं पाऊल नव्हतं.

आणि हौदाच्या अलीकडं, साळूबाईच्या परसातल्या भिंतीला लागून, बसायचा एक सपाट धोंडा होता. त्याच्याजवळ मुठीत मावतील असे दगड रचून ठेवलेले होते.

मी गुरवाला हाक मारली. तो धारेच्या पलीकडंच थांबला. "नारायणराव, ती दगड कशाला मारायची?"

त्यानं हौदाकडं बघितलं, दगडांकडं बघितलं. "देवाच्या तीर्थाला कुत्र्यानं जीभ लावू नये म्हनायची. बाटतं म्हनायची." मग आपणहून म्हणाला, "शेळ्या घिऊन रानात गेली की मंग कुनी हाकलायला नव्हतं."

म्हणजे सगळा श्रावण ती बाई घरी असेल तेवढा वेळ, सोमवारची रात्रसुद्धा, त्या धोंड्यावर बसून देवाच्या पाण्याची राखण करत होती. विषाबिषाची तिला कल्पना नव्हती. ती रानात असायची तेव्हा एखाददुसरं कुत्रं पिऊन जायचं आणि मरायचं. बांड्या तिच्याबरोबर रानात जायचा आणि रात्री पोटभर भाकर खायचा, म्हणून तो वाचला. तिला घालवल्यावर सोमवारची रात्र आणि तो हौद कुत्र्यांना मोकळा सापडला.

आबांना बोलावून घेतलं. ते पन्हळीपाशी थबकले, मग ओलांडून आले. मी पाकळी दाखवली, सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता लाल झाले. "डाक्टर, देवाच्या तीर्थाला इख म्हनता? माझ्या बापाच्या नावाचा हौद हाय त्यो!"

"तीर्थ नाही, आबा. कण्हेर. दुधात मुरलेली कण्हेर. तुमचा राजा हेच प्याला."

राजाचं नाव काढलं आणि ते हौदाच्या काठावर हात टेकून वाकून बघत राहिले. वडिलांचं नाव काठावर सिमेंटमध्ये कोरलेलं होतं, त्यावरही पाकळ्या चिकटल्या होत्या. मग सरळ होऊन गड्याला म्हणाले, "मुरूम आन. बुजवून टाक जल्दी." मी परत उंबऱ्याशी गेलो तोवर बांड्याचं संपलं होतं.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी बदनापूरला जाईल. निदान गुरव जाईल. मी दोन फेऱ्या वाट बघितली. गावात बोलणं असं चाललं होतं की यंदा महादेवाचा कोप झाला, हौद बांधायला नको होता, मुहूर्त चुकला. साळूबाईचं नाव कुणी घेत नव्हतं. घालवताना जसं कुणीच काही बोललं नव्हतं, तसंच आताही कुणी बोलत नव्हतं. मला संताप आला. आबांच्या घरचा चहा मी त्या दिवशी घेतला नाही, आणि तो न घेतल्याचं त्यांना कळलं हेही मला कळलं.

शेवटी मीच गेलो. भावाच्या शेताच्या कडेला पत्र्याच्या छपरात तिनं बिऱ्हाड मांडलं होतं. शेळ्या बाभळीखाली बांधलेल्या. मला बघून आधी घाबरली, मग पोतं अंथरलं, बिनदुधाचा चहा ठेवला. शेळ्या दुभत्या होत्या, तरी चहा कोरा. मी बघतोय हे तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "माझ्या हातचं दूध तुमाला चालंल का न्हाई, म्हनून न्हाई घातलं."

"घाला," मी म्हटलं. तिनं लोटीभर घातलं.

मी सगळं सांगितलं. हौद, दूध, कण्हेर, दगड. ती खाली बघत ऐकत होती. तिच्यामुळं कितीतरी कुत्री श्रावणभर वाचली, हेही सांगितलं. तिनं मान हलवली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती. कोणी काय म्हटलं, आबा काय म्हणाले, काही विचारलं नाही. चहा संपत आला तेव्हा एकच विचारलं.

"आन् आमचा बांड्या? भाकर टाकतं का कुनी त्याला?"

गाडीवर येताना या प्रश्नाचं उत्तर मी जुळवून ठेवलं होतं. म्हातारा झाला होता, त्रास झाला नाही, असलं काहीतरी. जनावरांच्या डॉक्टराला असली वाक्यं तयार ठेवावी लागतात. पण तिच्या तोंडाकडं बघून ते ओठावर येईना. मी सांगितलं, तुमच्या दारातच होता, तोही तेच पाणी प्याला.

ती उठली. कप विसळला, पालथा घातला. मग पाठमोरीच म्हणाली, "म्हंजे त्यो मेला, तवा म्या खरी ठरले."

आणि बाभळीखाली जाऊन शेळ्या सोडू लागली.